ब्रेकमधली हवा

त्या मंगळवारी माझी पत्नी ऑफिसातून घरी आली नाही. दुपारी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ती गेली होती.

तिची गाडी गॅरेजमध्ये लोखंडी स्टँडवर उभी होती. आम्ही तेव्हा ब्रिस्टलला राहत होतो. ती विमानाच्या इंजिनांवर काम करायची, मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत. गाडी साठच्या दशकातली, अमेरिकन, दोन दारांची, लांब नाकाची, स्टिअरिंग डावीकडे असलेली. इंजिन प्रचंड, पण बाकी सगळं बेताचंच. वळणावर बोटीसारखी कलायची. स्टिअरिंग बरंच फिरवावं तेव्हा कुठे पुढच्या चाकांना पत्ता लागायचा.

"हिला फक्त सरळ पळायचं शिकवलंय," ती म्हणायची. "वळायचं आणि थांबायचं मी शिकवणार."

दोन हिवाळे ती तेच करत होती. जुन्या स्प्रिंग काढून कडक स्प्रिंग बसवल्या, नवे शॉक अॅब्सॉर्बर बसवले, स्टिअरिंगचा ढिला गिअरबॉक्स बदलला. अमेरिकेहून खोकी यायची आणि जेवणाच्या टेबलावर पडून राहायची. आम्ही उरलेल्या कोपऱ्यात जेवायचो. शेवटचं काम ब्रेकचं होतं. पुढचे जुने ड्रम काढून तिने डिस्क बसवल्या, नव्या नळ्या जोडल्या. आता तेल भरून नळ्यांतली हवा काढायची राहिली होती. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली पडून चाकाजवळचा स्क्रू उघडायचा आणि बंद करायचा. जुने ब्रेक होते तेव्हा हे आम्ही केलेलं होतं. मी वर, मांडीवर पुस्तक. ती खाली.

"दाब."

"दाबलं."

"धर हं. वाचतोयस ना? पाय बघ आधी."

नव्या ब्रेकचं ती म्हणाली होती, रविवारी करू.

तो हिवाळा मी गॅरेजमध्ये नुसता जाऊन उभा राहायचो. गाडीच्या मडगार्डवर पिवळं फडकं होतं, फडक्यावर तिचा पाना. मी तो हलवला नाही. तिच्या ओळखीतले दोघं-तिघं काम पुरं करून द्यायला तयार होते. मी म्हणालो, बघू. जोवर ब्रेक व्हायचे होते, तोवर तो रविवारही अजून यायचा होता.

वसंतात पुण्याहून सासरे आले. व्हिसा वेळेवर न मिळाल्याने अंत्यविधीला त्यांना येता आलं नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेले, सासूबाई आधीच गेलेल्या. आठवड्याच्या फोनवर लेकीने त्यांना या गाडीचा एकेक नट सांगितलेला होता.

"तुम्हाला राग येणार नसेल तर एक विचारतो," चहा पिताना ते म्हणाले.

"विचारा ना, बाबा."

"ती मला चेडरच्या घाटातून नेणार होती. त्याच गाडीतून. चालेल का हो ती गाडी आता?"

"ब्रेक व्हायचेत."

"मग करू या की. दोघं आहोत आपण."

मी कप उचलून आत नेला. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पण एका दुपारी मी पाहिलं तर ते गॅरेजमध्ये होते. हात पाठीमागे बांधून, वाकून तो पाना बघत होते. खूप वेळ बघत होते आणि त्यांनी त्याला बोटही लावलं नाही. मी घरात जाऊन ब्रेकच्या तेलाचा डबा घेऊन आलो.

आता खाली कोण जाणार, यावर अडलं.

"छे, छे. जावयाला जमिनीवर आडवं घालून मी वर पाय चालवू? तिची आई असती तर मला घराबाहेर काढलं असतं."

"तुमचे गुडघे, बाबा."

"गुडघ्यांचं तुम्ही मला सांगू नका. काय पिळायचं तेवढं सांगा."

त्यांनी पेपर अंथरला, गाडीला धरून खाली बसू लागले आणि निम्म्यावर थांबले.

"अडकलात का?"

"विचार करतोय."

मी त्यांना उठवून सीटवर बसवलं. त्यांनी आधी बूट काढून बाहेर ठेवले. पायात बूट घालून जावयाच्या डोक्याशी बसायला ते तयार नव्हते. मोज्यांनीच त्यांनी पेडल दाबलं.

मी तिच्या जागी आडवा झालो. मी नेहमी वर बसलेला, त्यामुळे गाडी खालून कधी पाहिलीच नव्हती. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर तिने पांढऱ्या रंगाची रेघ ओढली होती, नटावरून थेट खालच्या लोखंडावर. नट जरा जरी सैल झाला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. स्प्रिंगांपाशी, स्टिअरिंगच्या दांड्यांवर, जिकडे बघावं तिकडे रेघा होत्या.

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

दोनदा त्यांनी पाय लवकर उचलला आणि हवा परत आत गेली.

"मी सांगेपर्यंत सोडायचं नाही, बाबा."

"अहो, पण तुम्ही बोलतच नाही. खाली काय चाललंय ते मला कसं कळणार? ती बोलायची का?"

"बोलायची."

"मग बोला."

मग मी बोलत राहिलो. नळीतून बुडबुडे येताहेत. आता बारीक झाले. इथे एक रेघ आहे.

"कसली रेघ?"

मी सांगितलं. त्यानंतर त्यांचा पाय एकदाही सुटला नाही. चौथं चाक झालं, सगळी हवा निघून पेडल घट्ट झालं तेव्हा ते म्हणाले, "दगडासारखं लागतंय हो हे."

गाडीची वार्षिक तपासणी झाली आणि आम्ही चेडरला निघालो. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे पुढच्या ट्रकपलीकडचं मला दिसत नव्हतं. ते उजवीकडे बसलेले, त्यांना दिसत होतं.

"थांबा. लाल गाडी येतेय. गेली. आता घ्या."

घाटात गाडी कलली नाही. मनगट वळवलं की नाक वळत होतं. एका वळणापलीकडे रस्त्यातच शेळ्या उभ्या होत्या. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली.

शेळ्या रस्ता ओलांडून गेल्या.

"शिकवलं हो तिने," सासरे म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

ते पुण्याला परतले. गाडी अजून माझ्याकडे आहे. दर वसंतात ती स्टँडवर चढवून मी टॉर्च घेऊन खाली जातो आणि रेघा बघतो. एकही नट हललेला नाही.