मापाचे बूट

मागच्या रविवारी मुलीला शाळेचे बूट घ्यायला शारजाच्या रोल्ला बाजारात गेलो होतो. दुकानदार पाय मोजायची पट्टी शोधत होता, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "नो नीड. आय ॲम थर्टी-सेव्हन." माझा हात सवयीने खिशातल्या टेपकडे गेलाच होता. तिने डोळे फिरवले. "बाबा, प्लीज. नॉट अगेन." बायको ओढणी तोंडाला लावून हसायला लागली. मी टेप परत खिशात टाकली. आमच्या घरात बुटांच्या बाबतीत माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही, आणि त्याला कारण आहे.

ते कारण अकरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा आमचा शारजातला फ्लॅट नव्हता, सुपरवायझरचा हुद्दा नव्हता आणि बायको-पोर इथे नव्हती. मी अबुधाबीजवळ मुसफ्फात एका वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेटर होतो. लोखंडी जिने, रेलिंग, गेट, सगळं करायचो. राहायला कंपनीचा कॅम्प, एका खोलीत आठ जण, चार डबल बेड आणि आठ पत्र्याची कपाटं. सगळे महाराष्ट्रातले, म्हणून आम्ही नशीबवान समजले जायचो. आणि खरं सांगतो, होतोच. आज तीन माणसांच्या घरात मला कधीकधी फार शांत वाटतं, आणि त्या खोलीची आठवण येते. एसी किती वर ठेवायचा यावरून रोज भांडण. उन्हाळ्यात नळाला चटके बसतील असं पाणी यायचं, म्हणून गीझर बंद ठेवून त्यातलंच पाणी थंड म्हणून वापरायचो, आणि ते कुणी संपवलं यावरून दुसरं भांडण. पण कुणाला ताप आला की सात जण सात प्रकारची औषधं घेऊन उभे.

खोलीतले कर्ते म्हणजे मामा. कुणाचेच मामा नव्हते, सगळ्यांचे होते. मालवणकडचे, मी कुडाळचा, म्हणून माझ्यावर जरा जास्त हक्क. वीस-बावीस वर्षं इथे काढलेली, घरी चार मुलं, चारही आता मोठी. मामांनी बांगड्याचं तिखलं केलं की पलीकडच्या खोलीतले लोक दार बडवायचे. मामा दार उघडून शांतपणे विचारायचे, "वाटी हाडलंस?" आणि आणलेली वाटी भरून द्यायचे.

दोन वर्षांनी एकदा सुट्टी. माझी पहिली सुट्टी जवळ आली तेव्हा मुलगी दोन वर्षं आठ महिन्यांची झाली होती. मी निघालो होतो तेव्हा ती आठ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली. मधल्या काळात मी तिला फक्त फोनवर पाहिलं. बायको म्हणायची, "बाबा कुठेत विचारलं की ही फोनकडे बोट दाखवते." सगळे हसायचे, मीही हसायचो. पण आमच्या खोलीत साताऱ्याचा एक प्लंबर होता, तो त्याच वर्षी सुट्टीवरून परतला होता. त्याचा मुलगा पंधरा दिवस त्याच्या जवळ आला नव्हता. आला तेव्हा "काका" म्हणाला. त्याने हे सांगितलं तेव्हा तो बुटांच्या नाड्या बांधत होता, आणि बराच वेळ बांधत राहिला.

तेव्हापासून मला धास्ती बसली. सुट्टी तीसच दिवसांची. त्यातले पंधरा पोर लपून बसली तर मी काय करू? नातेवाईक, देव, गावकी यांचं मला काही नव्हतं. तिने माझ्याकडे यावं, एवढंच हवं होतं.

तोडगा मामांनीच काढला. "लाइटवाले बूट घेऊन जा. चेडू धावत येतला." पाऊल टाकलं की टाचेत लाल-निळे दिवे लागतात ते बूट. मी बायकोला सांगितलं, पोरीचा पाय कागदावर ठेव, पेन्सिलने गिरव आणि फोटो पाठव. तिने पाठवला. मी तो छापून घ्यायला टायपिंग सेंटरमध्ये गेलो. तिथल्या माणसाने विचारलं, "फुल पेज?" मी ऐटीत म्हणालो, "हां, फुल पेज. साफ आना चाहिए."

इथे माझी अक्कल गहाण पडली. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की ड्रॉइंगवर टेप लावायची नाही. कागद लहान-मोठा छापला जातो, म्हणून लिहिलेला आकडाच वाचायचा. हा नियम न पाळणाऱ्या हेल्परांना मी स्वतः शिव्या घातलेल्या आहेत. आणि त्याच मी, खोलीत येऊन, त्या कागदावर टेप लावली. एकशे शहाण्णव मिलीमीटर. वाढीसाठी दहा धरले. दोनशे सहा.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मुद्दाम बस बदलत रोल्लापर्यंत गेलो, कारण मामांच्या मते बूट घ्यावेत तर तिथेच. दुकानदाराने विचारलं, "बच्ची कितने साल की है?"

मला राग आला. मी मापाचा माणूस आणि हा वय विचारतो. "साल मत पूछो भाई, माप लाया हूँ. दो सौ छह."

"बच्ची बडी है, माशाल्ला," एवढं म्हणून त्याने गुलाबी बूट काढून दिले. मी आत टेप घालून तपासले. बरोबर दोनशे सहा. खलास.

आमच्या खोलीत रीत होती. सुट्टीवर जाणाऱ्याची पेटी सगळ्यांनी मिळून बांधायची. कुणी दोरी ओढणार, कुणी वजनकाट्याला लटकवून वजन करणार, आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू आठ जणांच्या हातांतून फिरणार. बूटही फिरले. प्लंबरने ते जमिनीवर आपटून दिवे बघितले. एकाने वास घेऊन कातडं अस्सल नसल्याचं जाहीर केलं. शेवटी मामांनी तळवा दाबला, टाच वाकवली आणि कागदावरच्या पायावर बूट ठेवून पाहिला.

"वायच मोठे नाय ना?" मी विचारलं.

"नाय रे झिला. पोरांचे पाय बिगीबिगी वाढतत. पास."

आठ माणसं. सहा जणांना मिळून चौदा मुलं. एकाच्याही तोंडून निघालं नाही की अरे, हा पाय केवढा आहे!

गोव्याला उतरून जीपने घरी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मुलगी आईच्या मागे, साडी मुठीत धरून. मी आवाज दिला. तिने माझ्याकडे बघितलं, मग आईच्या हातातल्या फोनकडे बघितलं. फोन बंद होता. ती आणखी मागे सरकली.

मी चहाही घेतला नाही. ओटीवर बसून दोरी कापली, बूट काढले आणि तिच्या पुढ्यात ठेवले. बायकोने तिला पुढे केलं आणि एक पाय बुटात घातला. पाय दिसेनासाच झाला. टाचेमागे माझी तीन बोटं सहज मावली असती. तेव्हा मी पहिल्यांदा तिची पावलं नीट पाहिली. फोनवर दोन वर्षं मला चेहरा दिसत होता, पाय कधी दिसलेच नव्हते.

बायको हसायला लागली. "अहो, हे कुणाचे आणलेत?"

"मापाचे आहेत," मी म्हणालो, आणि खिशातून तो कागद काढला. बायकोने आत जाऊन वहीचं छोटं पान आणलं, तिने गिरवलेलं. दोन्ही शेजारी ठेवले. तिचं हसू थांबलं. मला एकदम रडू कोसळलं. मिलीमीटर चुकल्याचं नव्हे. माझ्याच पोरीचा पाय केवढा असतो हे मला माहीत नव्हतं, त्याचं. आई-वडील, शेजारी, जीपचा ड्रायव्हर, सगळे बघत होते, पण मला लाज वाटली नाही.

मुलीला मात्र त्या बुटांत रस होता. तिने पाऊल आपटलं, एकदा, दोनदा. दिवे लागेनात. एवढ्या मोठ्या बुटाचा दिवा पेटायला तिचं वजनच पुरत नव्हतं. तिने तोंड वाकडं केलं. मी डोळे पुसले, बूट ओढून घेतले, दोन्ही हात दोन बुटांत घातले आणि ओटीवर थाडकन आपटले. लाल-निळा उजेड झाला.

ती दोन पावलं पुढे आली. "पुन्ना."

मी पुन्ना केलं. मग हातांत बूट घालून, गुडघ्यांवर, ओटीभर चालत सुटलो, आणि ती हसत माझ्या मागे. तिसऱ्या फेरीला ती माझ्या पाठीवर चढून बसली. कुणी उचलून बसवलं नाही, स्वतः चढली. माझे आई-वडील म्हणाले, बारा तासांचा प्रवास करून आलाय, जरा टेकू दे त्याला. पण मला उठायचंच नव्हतं.

पुढचे चार दिवस तिच्या लेखी मी "बुटातले बाबा" होतो, फोनातले वेगळे. पाचव्या दिवशी जेवताना तिने आईला विचारलं, "फोनातले बाबा कधी येणार?" बायको म्हणाली, "हेच ते." तिने मला नीट निरखलं, माझ्या ताटातला पापड उचलला आणि विषय संपवला. ते बूट तिला सातव्या वर्षी मापात बसले. तोवर दिवे मेले होते. मी तेव्हा मुसफ्फात होतो.

निघायच्या दिवशी मी तिला कोऱ्या कागदावर उभं केलं आणि स्वतः पेन्सिल फिरवली. गुदगुल्या होऊन ती सारखी हलत होती, म्हणून करंगळीपाशी रेघ जरा वाकडी गेली आहे. टेप लावली आणि आकडा लिहिला. एकशे बेचाळीस. खाली तारीख, जशी ड्रॉइंगवर घालतो तशी.

खोलीत परतलो. कोकम, लोणचं, सुके बांगडे ज्याचे त्याला वाटले. मग बुटांची गोष्ट सांगितली. खोली हसून हसून लोळली. प्लंबर म्हणाला, "आठ इन्स्पेक्टर आणि आठही नापास!" मामांना तर ठसकाच लागला.

मी कागद काढून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. "हा खरा."

हसणं हळूहळू थांबलं. आधी प्लंबर उठून आला, बघून गेला. मग एकेक जण. शेवटी मामा आले. कणीक मळत होते, तसेच आले. हात लुंगीला पुसला आणि तळवा त्या पायावर ठेवला. पाय त्यांच्या तळव्याखाली पुरता झाकला गेला. चार मुलांचा बाप माझ्याकडे वळून विचारत होता.

"इतकोच असता रे?"

"इतकाच असतो, मामा."

त्यांनी हात काढला. कागदावर पिठाची पाच बोटं उठली होती. मी ती कधी पुसली नाहीत.