विंगेतून आलेलं उत्तर

भाऊ आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर. उभी हयात त्यांनी विंगेतल्या स्टुलावर काढली. नट मुद्दाम थांबलाय की वाक्य विसरलाय, हे त्यांना नुसत्या पाठीवरून कळायचं. विसरला असेल तर शब्द इतका हलकेच यायचा, की पहिल्या रांगेलाही पत्ता लागू नये. मला मिळालेल्या कितीतरी टाळ्या खरं तर त्या स्टुलाच्या होत्या.

परवा बूस्टरसाठी भाऊ, वहिनी आणि मी शाळेतल्या केंद्रावर गेलो. रांगेत नुसता गोंधळ. एक लस निळ्या झाकणाची, दुसरी पांढऱ्या. कुणी म्हणे, आधीचीच घ्यावी लागते. कुणी म्हणे, कुठलीही चालते. भिंतीवरच्या कागदावर एक, शिपाई सांगतोय भलतंच. पुढच्या बाई म्हणाल्या, "माझ्या जावेच्या भावाने बदलून घेतली. आठवडाभर अंथरुणाला खिळला."

वहिनींचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. भाऊंनी त्या बाईंचं बोलणंच धरून ठेवलं.

"परत जाऊ या का?"

"आलोय ना आता? उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका," वहिनी म्हणाल्या.

आत नेट बंद पडलेलं. नर्स तोंडीच विचारत होती. "आजी, आधीची कुठली?"

वहिनी थांबल्या. खुर्चीमागून भाऊ कुजबुजले, "निळी."

"निळी," वहिनी म्हणाल्या. सुई टोचून झाली.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर वहिनी म्हणाल्या, "माझी पांढरी होती हो. दोन्ही वेळा मी बहिणीकडे होते. निळी तुमची."

"मग निळी का म्हणालीस?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून. अख्खी कंपनी तुमच्या भरवशावर बोलायची, मी कोण मोठी लागून गेले?"

"मला वाटलं, विसरलीस."

"आठवत होते. जरा दम धरायचा."

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. रांग मोडून ते थेट नर्सपुढे उभे राहिले. "माझ्या बायकोला चुकीची लस गेली. चूक माझी आहे."

नर्सने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर अगदी कोवळे. "काका, दोन्ही चालतात. नवीन आदेश तसाच आहे."

"मग विचारलंत कशाला?"

"जुन्या आदेशात विचारायचं होतं."

रांगेत हशा पिकला. भाऊ हसले नाहीत. "डॉक्टर, हिचं हृदय..."

डॉक्टरही गंभीर झाले. बाकापाशी येऊन त्यांनी वहिनींची नाडी पाहिली. "तासभर इथेच बसा. छातीत दुखलं, दम लागला, तर लगेच हाक मारा."

भाऊ वहिनींचं मनगट धरून त्यांच्याकडे तोंड करूनच बसले. "कसं वाटतंय?"

"तुमच्याकडे बघून धडधडतंय. तिकडे बघा पाहू."

भाऊंनी मान वळवली, मनगट मात्र सोडलं नाही. आतून माझा नंबर पुकारला. मी मागच्या बाईंना पुढे जाऊ दिलं. तो तास सरेपर्यंत मला जागचं हलवेना.