शाफ्टच्या कोपऱ्यातली रेघ

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अड्याळच्या राईस मिलचा शाफ्ट पुसणं. मी लेथवरून उतरवला, तिनं चिंधीनं तेल पुसलं आणि सवयीनं नख फिरवलं. शाफ्ट जिथं जाड्याचा बारीक होतो, त्या कोपऱ्यात नख अडलं.

"अवो, इथं रेघ हाये. दुसरा करा."

"तुले काय समजते? पेपर मारतो, चमकून जाईन."

"चमकन. मंग तुटन."

दुसरीपर्यंत शिकलेली बाई मला शिकवणार! मी तरी कोण मोठा, चौथी नापास. पण पुरुषाची अक्कल मिशीत असते, तिला शाळा लागत नाही. मिलचा शेठ दारात उभा, त्याला आत्ताच पाहिजे. म्हणून बोथट टूलनंच, जोरात फीड देऊन, म्हणजे टूल भराभर पुढं रेटून, मी लोखंड ओरबाडलं होतं. कोपऱ्याला गोलाईसुद्धा दिली नव्हती. वरून घासायचा एमरी पेपर मारला. शेठनं शाफ्टमध्ये तोंड पाहिलं, भांग नीट केला आणि खूश होऊन घेऊन गेला. लोखंड असं पारखायचं असेल, तर शाफ्ट न्हाव्याकडूनच करून घ्यावेत.

लोखंड फेऱ्यांनी मोडतं. मोटरचा पट्टा ओढतो, शाफ्ट दर फेऱ्यात केसभर वाकतो, आणि चीर त्या रेघेतूनच आत शिरते. वरून काही दिसत नाही. मग एक दिवस काडकन. अशाच शाफ्टची पुली उडून एका मिलमध्ये पाखडणाऱ्या बाईचा हात गेला होता. मला सगळं ठाऊक होतं. अडाण्याला माफी तरी असते.

शाफ्ट गेला त्याच दुपारी वांगी चिरता चिरता बायको बसल्या जागी गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो, तर शेठ अंगणात हात जोडून उभा. "लय वाईट झालं, मिस्त्री. शाफ्ट मात्र मस्त चालून राह्यला." सांत्वन असावं तर असं.

सकाळी पाना घेऊन निघालो. मोठा भाऊ ओरडला, "काहून रे, घरात दुखवटा अन् तू कुठं चालला?"

"मिलमंदी."

मिलमध्ये बाया पट्ट्याशेजारीच पाखडत होत्या. मी मेन स्विच खाली ओढला. शेठ धावत आला.

"डोकं फिरलं का, मिस्त्री?"

"शाफ्ट म्या खराब केला हाये. काढा."

"कालपासून चालून राह्यला, कुठं तुटला?"

"चालते, म्हणूनच तुटन. बायकोनं सांगतलं होतं, म्या आयकलं नाही."

बाया सुपं खाली ठेवून पाहत राहिल्या. मी खाली बसलो आणि बेअरिंगचे नट सोडायला लागलो.