अड्याळची गाडी आणि अड्यारची आत्या

मित्रहो, आज दुपारी भंडाऱ्याच्या बसस्थानकावर यंत्रातल्या बाईने अगदी शुद्ध स्वरात ‘अड्याळ’ पुकारलं आणि मला माझी आत्या आठवली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिच्या नातीची अड्याळला हळद होती आणि गाडी शेवटची. नव्या कंट्रोलरने ‘अड्याळ’ पुकारलं. आत्या हलेना.

“आत्या, गाडी लागली.”

“थे अड्याळची हाये. मले अड्यारले जाचं हाये.”

गाव एकच आहे, आपल्या बोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो एवढंच, हे मी सभेत बोलावं तसं समजावलं. “थो नीट नाव घेईन तवा चढीन,” ती म्हणाली.

मी कंट्रोलरशी भांडलो. तो म्हणाला, “पाटीवर ळ आहे.”

“पाटी का माह्या बापानं लिवली?” आत्याने बसल्या जागेवरून विचारलं.

गाडी सुरू झाली. तेवढ्यात तिचा ड्रायव्हर, लाखांदूरकडचा माणूस, खिडकीतून ओरडला, “अड्यारवाले चढा ना बाप्पा, मी निंगून राहिलो.”

आत्या उठली. तिच्यामागे गाठोडी उचलत आणखी चार म्हाताऱ्या उठल्या.

तेव्हापासून मी भाषणातही अड्यारच म्हणतो, कुणी हसलं तर दोनदा म्हणतो. तुमच्या घरचे म्हातारे तुमच्या गावाला काय म्हणतात? लिहा. फक्त शुद्ध करून लिहू नका.