बांधात बसलेली माऊली

धरमतरच्या खाडीकाठी मनुबाईचं शेत होतं. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात, आणि मधे माणसांच्या हातांनी रचलेला चिखलाचा बांध. बांधावर शेंदूर फासलेला एक धोंडा होता. तीच गावाची माऊली. पुजाऱ्याखेरीज तिला कुणी शिवायचं नाही, बाईमाणसानं तर नाहीच, असा दंडक.

एकोणतीस सालच्या श्रावणातल्या अवसेला, भर दुपारी, उधाणानं बांध फोडला. पाणी थोपलं नाही तर तीन वर्षं जमिनीत मीठ राहणार, गावाच्या चुली थंड पडणार. मनुबाईचा नवरा भागोजी चिखलाच्या ढेपा घेऊन पहिला भगदाडात उतरला. पाण्यानं त्याचे पाय उचलले. एकदा हात दिसला, मग तोही नाही.

हातोहात ढेपा देणारी गड्यांची रांग मागं सरली.

"ग्येलं शेत," म्हातारा पुजारी येसाजी म्हणाला. "आता कोन उतरल?"

मनुबाई रडली नाही. रडायला पुढं जन्म पडला होता. तिची नजर धोंड्यावर गेली. रोज ती लांबून हात जोडायची, मागायची काही नाही. आज तिनं तो धोंडा उचलून पोटाशी धरला.

"मने, खाली ठेव. विटाळ होल."

"होऊ दे. लेकरं बुडताना आय कोरडी बसते व्हय, काका?"

ती भगदाडात उतरली. पाणी छातीला लागलं. जिथं भागोजीचे पाय सुटले, तिथंच तिचेही सुटू लागले.

"माऊली, मला वाचवू नको," ती पुटपुटली. "मला जड कर."

धोंड्याच्या भारानं पाय तळच्या चिखलात रुतले. ती हलली नाही. पहिली ढेप तिच्या कुशीशी आणून लावली ती येसाजीनं. मग हातांची रांग पुन्हा सुरू झाली.

ओहोटी लागेतो भगदाड बुजलं. मनुबाईला ओढून काढलं. माऊली आतच राहिली. भागोजी खाडीत सापडला नाही, शेतातही नाही. तो बांधातच असावा, असं गाव दबक्या आवाजात बोलायचं.

येसाजीनं पूजा मनुबाईच्या हाती दिली. पुढं दहा वर्षं, दर अवसेला, ती फावडं घेऊन बांधावर फिरायची, चिंबोऱ्यांची बिळं बुजवायची. त्या एका जागेशी आली की मात्र खाली उतरायची, गुडघाभर चिखलातून वळसा घालून पलीकडं चढायची. तिथं तिनं कधी पाय ठेवला नाही.