आवाज बाहेर जाऊ नये म्हणून

मुरुमच्या बाजार कचेरीत मी कारकून होतो, तेव्हाची गोष्ट. सरहद्दीवर लढाई चालू होती ते वर्ष. दुपारी डबे सोडले होते. शेजारच्या टेबलावरचा कारकून भाकरी मोडता मोडता मला म्हणाला, "काल संध्याकाळी तुमच्या घरावरनं गेलो. रेडिओ लई जोरात होता. कुठलं स्टेशन हो ते? लांबचं वाटलं."

"हैदराबाद," मी म्हणालो.

"असं व्हय," म्हणून तो भाजीत भाकरी बुडवू लागला.

एवढंच झालं. त्यानं साधंच विचारलं असेल. आजही मला नक्की सांगता येत नाही. पण मी उरलेली भाकरी परत डब्यात ठेवली.

घरी येऊन मी अम्मीला सांगितलं, ती माझी चूक झाली. ती पीठ मळत होती. हात परातीतच थांबले.

आमच्या घरात तिघंच होतो. अब्बा निजामाच्या काळात तहसीलमध्ये मुन्शी होते. सगळा कारभार उर्दूतून आणि त्यांचं अक्षर असं, की मोठे अधिकारीसुद्धा कागद हातात धरून बघत राहायचे. मग राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली. मराठी शिकायला त्यांना मुदत मिळाली होती. ते शिकले नाहीत, जमलं नाही म्हणा किंवा मन लागलं नाही म्हणा. लहानशी पेन्शन घेऊन ते घरी बसले ते बसलेच. आधी शुक्रवारच्या नमाजाला तरी जायचे, हळूहळू तेही घरीच व्हायला लागलं. मी मराठी शाळेत शिकलो, मराठीत नोकरी करू लागलो. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण आठवताना ती बोलणी आता मला मराठीतच आठवतात.

पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, अम्मीनं काय पाहिलं, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मी लहान होतो. कडी वाजली की ती आधी खिडकीच्या फटीतून बघायची आणि मग दार उघडायची, एवढं मात्र मला कळतं झाल्यापासून माहीत होतं.

त्या संध्याकाळी ती अब्बांना म्हणाली, "आवाज कमी करा. लोक विचारायला लागलेत."

"कमी केला तर मला ऐकू येत नाही," अब्बा म्हणाले. ते खरंच होतं. त्यांचे कान मंद झाले होते.

"मग बंद ठेवा काही दिवस."

"बंद ठेवून मी काय करू?"

ते सकाळी बातम्या ऐकत, दुपारी मुशायरा असेल तर तो, संध्याकाळी पुन्हा बातम्या. रेडिओचं लायसन त्यांच्याच नावावर होतं, दर वर्षी मी पोस्टात जाऊन ते नवं करून आणायचो. काही चोरीचा मामला नव्हता. तरी अम्मी उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. उकाडा अजून सरला नव्हता. आम्ही तिघं त्या बंद खोलीत घामाघूम होऊन उर्दू बातम्या ऐकायचो आणि अम्मीची नजर दाराकडे.

उमरग्याच्या टेलिफोन ऑफिसात मी एका माणसाच्या कानांना लावलेलं यंत्र पाहिलं होतं. तसलं काही रेडिओला लागतं का, हे बघायला मी रविवारी एसटीनं सोलापूर गाठलं. रात्री मामांकडे मुक्काम करायचा आणि सोमवारी परतायचं, असं ठरवून निघालो होतो. मामांनीच एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता दिला. हेडफोन हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा ऐकला.

दुकानदार बोलका होता. त्यानं तीन जोड माझ्यापुढे ठेवले. पहिला हलका, पत्र्याच्या दोन चकत्या आणि डोक्यावरून तार. स्वस्त होता. दुसरा नवा, कानांभोवती मऊ चामड्याच्या गाद्या असलेला. त्याची किंमत ऐकून मी तो उचललाच नाही. तिसरा लष्कराच्या जुन्या सामानातून आलेला. काळ्या रबराच्या जाड वाट्या, अख्खा कान आत जाईल एवढ्या. वजनदार आणि दिसायला भयंकर. एका बाजूला आवाज जरा कमी येतो, असं त्यानं आपणहून सांगितलं.

"लावून बघा," तो म्हणाला आणि रेडिओ चालू केला.

"तुम्ही लावा," मी म्हणालो.

त्यानं पत्र्याचा जोड लावला. मी काउंटरवर वाकून त्याच्या कानाशी कान नेला. आतलं गाणं मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

"आता तो काळा लावा. आणि आवाज पूर्ण मोठा करा."

त्यानं लावला. मी पुन्हा वाकलो. काही नाही. थोडा मागं सरकलो, पुन्हा जवळ गेलो. माशी घोंगावल्यासारखं काहीतरी, तेही अगदी चिकटून उभं राहिलं तर.

दुकानदारानं वाट्या काढल्या आणि तो हसायला लागला. "अहो, गिऱ्हाईक आत काय ऐकू येतं ते बघतं. तुम्ही बाहेर काय येतं ते बघताय!"

"घरात आजारी माणूस आहे," मी म्हणालो. "त्रास होतो."

"बरोबर आहे. मग हाच घ्या. पावतीवर नाव काय लिहू?"

माझं नाव सांगायला मला क्षणभर वेळ लागला. त्याच्या ते लक्षातही आलं नसेल. मी म्हणालो, "पावती राहू द्या." दुकानातून बाहेर पडलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. स्वतःचं नाव सांगायला मी का घाबरलो, याचा विचार मामांच्या घरापर्यंत पुरला. त्या दुकानदारानं मला काहीही केलं नव्हतं.

सोमवारी सकाळच्या गाडीनं परत आलो आणि थेट कचेरीत गेलो. खोकं टेबलाच्या खणात ठेवलं. बाहेर अंगणात तुरीचा सौदा चालला होता, हमाल, अडते, शेतकरी यांचा नेहमीचा गलका. दुपारी खोलीत कोणी नव्हतं तेव्हा मी तो हेडफोन काढून नुसताच कानांना लावला. तार कशालाच जोडलेली नव्हती. एकदम सगळं लांब गेलं. तोंडं हलताना खिडकीतून दिसत होती, पण माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मी घाईघाईनं तो काढून ठेवला.

तारा कशा जोडायच्या ते दुकानदारानं समजावलं होतं. गावातल्या मिस्त्रीला बोलवायचं नव्हतं, म्हणून मीच रेडिओची पाठ उघडली. पेटीतला आवाज बंद झाला. अब्बांनी वाट्या कानांवर चढवल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "साफ!" ते ओरडले. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते फारच मोठ्यानं ओरडले. अम्मी दचकली आणि मग हसली. तिनं खिडकीतल्या चिंध्या काढल्या.

महिनाभरात मला कळून चुकलं, की आम्ही काय करून बसलोय. अब्बा उठल्यापासून वाट्या लावून बसायचे. जेवायला बोलवायचं तर खांद्याला हात लावावा लागे. आधी बातम्या झाल्या की ते अम्मीला समजावून सांगत, शेर आवडला तर दोनदा म्हणून दाखवत. अम्मी चुलीपाशी बसून "वा" म्हणायची. आता त्यांना शेर आवडलेला आम्हाला नुसता दिसायचा. मान हलायची, ओठ हलायचे. अम्मी काही वेळ त्यांच्याकडे बघत बसायची आणि मग उठून उगीच भांडी घासायला घ्यायची.

त्याच सुमाराला उस्मानाबादला एक जागा रिकामी झाली. साहेबांनी मला विचारलं. मला जायचं होतं. पण अब्बा घर सोडणार नाहीत आणि अम्मी त्यांच्यासोबत एकटी राहणार नाही, हे मला माहीत होतं. घरी विचारायचं धाडसही झालं नाही. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि रोज साहेबांची नजर चुकवू लागलो.

मग एके सकाळी अम्मी न्हाणीत घसरून पडली. मी कचेरीत होतो. ती अब्बांना हाका मारत राहिली. ते दहा हातांवर बसले होते, पाठमोरे, वाट्या लावून. तिच्या हाका भिंतीपलीकडे गेल्या. पलीकडे एका शेतकऱ्याचं घर होतं, बागायत असलेलं, कानडी बोलणारं. दोन्ही घरांत देणंघेणं बेतानंच होतं. त्या घरातल्या मावशी पुढच्या दारानं आत आल्या, तेव्हा परकी बाई समोर बघून अब्बा गडबडून उभे राहिले आणि तारेला हिसका बसून रेडिओच खाली पडता पडता वाचला.

निरोप मिळून मी धावत आलो, तेव्हा अम्मी बाजेवर होती. मावशी तिच्या पायाला फडकं गुंडाळत होत्या. त्यांचे यजमान उमरग्याला न्यायला गाडी जुंपत होते. अब्बा भिंतीला टेकून उभे होते, तोंड पांढरंफटक.

मावशी मला म्हणाल्या, "तुमचा रेडिओ बिगडलाय का रे? लई दिवस झाले, आवाजच न्हाई."

मी अम्मीकडे पाहिलं.

"आमी सांच्याला भाकऱ्या थापताना ऐकत होतो. ते बोलणं काय कळत न्हाई आमाला, पण मदी मदी गाणं लावतात न्हवं, ते. मामंजी तर घड्याळ लावायचे त्याच्यावर."

अम्मीला रडू फुटलं. मावशींना वाटलं पाय दुखतोय. त्या म्हणाल्या, "थोडं सोसा भाबी, आत्ता निघू."

उमरग्याच्या दवाखान्यातून प्लास्टर घालून अम्मी परत आली आणि बाजेला खिळली. एका संध्याकाळी मी कचेरीतून घरी पोचलो, तर अब्बा रेडिओची पाठ उघडून बसले होते. तारा उपटून टाकल्या होत्या आणि आता काहीच वाजत नव्हतं. "मला नाही येत हे," ते म्हणाले. मी तारा पहिल्यासारख्या जोडल्या. पेटी अम्मीच्या बाजेजवळ ओढली. अब्बांनी आवाज अगदी बारीक ठेवला आणि पेटीला कान लावून खाली बसले.

"वाढवा," अम्मी म्हणाली.

अब्बांनी खिडकीकडे पाहिलं. ती उघडी होती.

"मी सांगते ना, वाढवा."

त्यांनी थोडा वाढवला. बातम्या संपल्यावर अम्मीनं विचारलं, "काय म्हणाला?" तिला सगळं ऐकू आलं होतं. अब्बा सांगू लागले.

मावशी अधूनमधून येऊन बसू लागल्या. अम्मी काही महिन्यांनी काठी घेऊन चालू लागली. अब्बा मात्र घराबाहेर फारसे पडले नाहीत, शेवटपर्यंत. कडी वाजली की अम्मी पूर्वीसारखीच आधी फटीतून बघायची, फक्त मावशींची हाक आली तर तेवढं बघत नसे.

उस्मानाबादची जागा दुसऱ्याला गेली. साहेबांनी मला कारण विचारलं, तेव्हा मी अम्मीच्या पायाचं सांगितलं. ते त्यांना पटलं. मला स्वतःला ते अर्धंच खरं वाटत होतं. पण कडी वाजली की अम्मी अजून आधी फटीतून बघते, हे दुसरं कारण मी सांगितलं नाही आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसलो.