आत्यांचे न्हाणीघर

दुपारचा चहा झाला की आत्या पाण्याला शिवायच्या नाहीत. उन्हाळ्यात घसा कोरडा पडला तर चूळ भरून टाकून द्यायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कळंबहून लग्न होऊन जळोचीला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या ताटाशेजारचा तांब्या उचलून नेला. “रातचं पाणी बाईमाणसाला परवडत न्हाय,” एवढेच म्हणाल्या. मला वाटले, घरचा काही नेम असेल. पहाटे त्यांच्यामागून टमरेल घेऊन अंधारात बांधाकडे निघाले, तेव्हा तो नेम कळला.

घरात ट्रॅक्टर होता, रंगीत टीव्ही होता. संडास नव्हता. आंघोळीला परसात तीन बाजूंनी पत्रे आणि चौथ्या बाजूला पोत्याचा पडदा. वारा सुटला की एका हाताने पडदा धरायचा आणि दुसऱ्याने अंगावर पाणी घ्यायचे. मी कुरकुरले की आत्या म्हणत, “असू दे गं, आपलं कुठं काय झिजतंय?” कशाबद्दलही त्यांचे हेच उत्तर. मामांसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, त्या कधी मोठ्याने बोलल्या नाहीत.

जळोची तेव्हा भराभर बदलत होती. शेजारच्या शेतांचे प्लॉट पडले, बांधावरच्या बाभळी गेल्या, तिथून रस्ता निघाला. आम्हा बायकांना आणखी आणखी लांब जावे लागू लागले. आत्यांची कंबर दुखायची, मधूनच थंडी वाजून ताप भरायचा. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की मूत्रपिंडे खराब होत आली आहेत. पाणी भरपूर प्या, लघवी तुंबवू नका. आत्यांनी मान हलवली, आणि त्याच संध्याकाळी तांब्या पालथा घातला.

मला तेव्हा दिवस गेले होते. माझ्या नवऱ्याने मामांकडे संडासाचा विषय काढला. मामा म्हणाले, घराला लागून असली घाण नको, पुढच्या वर्षी लांब कोपऱ्यात बघू. आत्या ऐकत होत्या.

दिवाळीत जावई आले होते. पुरुषमंडळी जेवत होती आणि नव्या रस्त्याने गावाचे कसे भले झाले, हे मामा जावयांना सांगत होते. आत्यांनी भाकरीची दुरडी खाली ठेवली.

“काल त्याच रस्त्याच्या कडंला म्या बसले हुते,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू. “मोटारसायकल आली. उजेड अंगावर पडला. उठून उभी राहिले. गाडीवाला वळखीचा निघाला. त्यानं रामराम घातला, म्या पदर तोंडावर घिऊन रामराम केला.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “उद्या ही पोटुशी पोर अशीच उठंल.”

कोणी मान वर केली नाही. मामांनी ताटात हात धुतला. पुढे कितीतरी दिवस ते आत्यांशी बोलले नाहीत, पण त्याच आठवड्यात गवंडी आला.

जागा आत्यांनीच ठरवली: संडास आणि न्हाणी एकत्र, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. पावसापाण्यात, आजारपणात लांब जायला नको म्हणून. त्यांनी जमिनीवर विटा मांडून आतली जागा आखली आणि मला, अवघडलेल्या पोटाने, मध्ये बसवून उठायला लावले. मी तोल जाऊन त्यांचा खांदा धरला. त्यांनी विटा सरकवल्या आणि गवंड्याला तिथेच भिंतीत धरायला लोखंडी गज बसवायला सांगितला. खिडकी उंच. “आन् कडी आतनं पायजे. दणकट.”

बांधकाम झाले त्या दिवशी त्या आत गेल्या आणि बाहेर येईनात. मी घाबरून दार वाजवले.

“काय न्हाय गं,” आतून आवाज आला. “नुसती बसलीय. कुणी येणार न्हाय न्हवं का आता.”

माझ्या मुलीचा जन्म त्यानंतरचा. आत्या आता तांब्याने पाणी प्यायच्या, पण व्हायचे ते नुकसान आधीच होऊन गेले होते. पायांवर सूज राहू लागली. तशातही दिवेलागणीला शेजारच्या शालनवहिनींना आणि त्यांच्या लेकीला त्या बोलावून आणत. खड्डा लवकर भरेल म्हणून मामा धुसफुसत. आत्या म्हणत, “त्यांच्या बी अंगावर उजेड पडतोच की.”

मुलगी चालायला लागण्याआधीच आत्या गेल्या.

तेराव्यानंतरची संध्याकाळ. शालनवहिनी लेकीला घेऊन अंगणाच्या तोंडाशी आल्या. मामा ओसरीवर एकटेच बसलेले. त्यांना पाहून दोघी थबकल्या, माघारी वळल्या. मामांनी ते पाहिले. काठी टेकत उठले, घरात आले आणि भिंतीकडे तोंड करून मला म्हणाले, “त्यांना सांग, म्या आत आलोय.”

तेव्हापासून दिवेलागण झाली की मामा ओसरीवरून उठून आत येऊन बसत. कुणालाही त्यांना सांगावे लागले नाही.